हात धुतले का?

गेल्या पावसाळ्यात माझ्या चुलतवहिनीचं सिझेरियन झालं. गोंदियातल्या एका हॉस्पिटलचा सहा खाटांचा वॉर्ड, बाहेर धो धो पाऊस, आत ओल्या छत्र्यांचा आणि फिनाइलचा वास. घरच्यांनी नको नको म्हटलं तरी आजी आलीच. तिचं वय पंच्याऐंशीच्या पुढे. गुडघे गेलेत, पण कान शाबूत आहेत आणि तोंड त्याहून. खाटेशेजारच्या प्लॅस्टिकच्या स्टुलावर ती बसली आणि बाळाजवळ येणाऱ्या प्रत्येकाला एकच प्रश्न विचारू लागली, "हात धुतले का?"

काकाला विचारलं. डिंकाचे लाडू घेऊन आलेल्या मामीला विचारलं. मला दोनदा विचारलं. सगळे हसत हसत बेसिनकडे जाऊन येत होते. मग राउंडवर एक तरुण डॉक्टर आले. पहिल्या खाटेवरच्या बाईची पट्टी उघडून पाहिली, दुसऱ्या खाटेवरचीला तपासलं, मधेच मोबाईल बघितला आणि थेट वहिनीच्या टाक्यांकडे वळले.

"डॉक्टरसाहेब, हात धुतले का?"

वॉर्ड एकदम गप्प झाला. डॉक्टरांनी आजीकडे न बघता माझ्याकडे बघितलं, जणू या म्हातारीला आवरायचं काम माझं होतं. "आजी, आम्ही डॉक्टर आहोत," ते म्हणाले आणि त्यांनी पट्टी उचलली.

खरं सांगायचं तर त्या क्षणी मला डॉक्टरांचा राग आला नाही. मला आजीची लाज वाटली.

वहिनी बरी आहे, बाळही बरं आहे. त्यामुळे ही काही तक्रार नाही. पण ते वाक्य डोक्यातून जाईना. "हात धुतले का?" याचं उत्तर हो किंवा नाही एवढंच असू शकतं. मी सॉफ्टवेअर लिहिते, म्हणून माझ्या भाषेत सांगते. फंक्शनने ट्रू किंवा फॉल्स परत द्यायचं होतं. त्याने व्हिजिटिंग कार्ड परत दिलं.

*

हे उत्तर बरंच जुनं आहे. एकोणिसाव्या शतकाच्या मध्यावर अमेरिकेत फिलाडेल्फियाला चार्ल्स मेग्ज नावाचे नामवंत प्रसूतितज्ज्ञ होते. डॉक्टरांच्या हातांतून बाळंतिणींना रोग जातो, हे त्यांना अजिबात मान्य नव्हतं. त्यांचं म्हणणं साधारण असं, की डॉक्टर हा सभ्य गृहस्थ असतो आणि सभ्य गृहस्थाचे हात स्वच्छच असतात.

त्याच सुमाराला व्हिएन्नाच्या मोठ्या सरकारी हॉस्पिटलात बाळंतपणाचे दोन विभाग होते. पहिल्यात डॉक्टर आणि मेडिकलचे विद्यार्थी काम करत, दुसऱ्यात सुइणी. १८४६ साली पहिल्या विभागात शंभरातल्या अकराहून जास्त बाया बाळंतज्वराने गेल्या. दुसऱ्यात तीनहून कमी. हा आकडा वाचला तेव्हा मी मोबाईल खाली ठेवला. सुइणींचा वॉर्ड सुरक्षित होता आणि डॉक्टरांचा धोक्याचा. शहरातल्या गरीब बायांना हे पक्कं ठाऊक होतं. आम्हाला पहिल्या विभागात पाठवू नका, म्हणून त्या हातापाया पडायच्या.

इग्नाझ सेमेलवाइस हा तिथला हंगेरियन सहायक डॉक्टर. १८४७च्या मार्चमध्ये त्याचा सहकारी कोलेच्का शवविच्छेदन करताना विद्यार्थ्याचा चाकू बोटाला लागून वारला. त्याच्या शरीरातल्या खुणा बाळंतज्वराने गेलेल्या बायांसारख्याच होत्या. तेव्हा सेमेलवाइसच्या लक्षात आलं की डॉक्टर आणि विद्यार्थी सकाळी मुडदेघरात प्रेतं फाडतात आणि तिथून तसेच बाळंतिणी तपासायला येतात. सुइणी प्रेतं फाडत नाहीत. मे महिन्यात त्याने क्लोरीनयुक्त चुन्याच्या पाण्याने हात धुणं सक्तीचं केलं. एप्रिलमध्ये शंभरात अठरा बाया गेल्या होत्या. जूनपासून हा आकडा दोनच्या आसपास आला.

कुठल्याही इंजिनिअरला विचारा, याहून स्वच्छ टेस्ट रिझल्ट क्वचितच मिळतो. तरी व्हिएन्नातल्या बऱ्याच वरिष्ठांनी तो मानला नाही. सेमेलवाइसच्या नोकरीची मुदत वाढवली नाही. तो मायदेशी परतला, पुढे पुस्तक लिहिलं, मग युरोपातल्या प्राध्यापकांना जाहीर पत्रं लिहून थेट खुनी म्हणू लागला. १८६५ साली त्याला वेड्यांच्या इस्पितळात टाकलं गेलं आणि दोन आठवड्यांत तो जखम चिघळून मेला.

ही गोष्ट आपण बहुतेक वेळा "हुशार माणूस विरुद्ध मूर्ख जग" अशी सांगतो. सोशल मीडियावर तर ती तशीच फिरते. पण त्याच काळातली दुसरी एक गोष्ट आहे, ती फारशी कोणी सांगत नाही.

जर्मनीतल्या कील शहरात गुस्ताव मिखाएलिस नावाचे प्राध्यापक होते. व्हिएन्नाची बातमी त्यांच्यापर्यंत पोचली आणि त्यांना ती पटली. त्यांनी आपल्या इस्पितळात हात धुणं सुरू केलं. पण त्याआधी त्यांनी स्वतःच्या चुलतबहिणीला बाळंतपणात तपासलं होतं आणि ती बाळंतज्वराने गेली होती. ती कशाने गेली, हे आता त्यांना कळलं. १८४८च्या ऑगस्टमध्ये त्यांनी रेल्वेखाली जीव दिला.

ज्यांना पटलं नाही ते सुखाने प्राध्यापक राहिले. ज्याला पटलं तो जगू शकला नाही. मला वाटतं, या विरोधाचं मूळ इथे आहे. "यापुढे हात धुवा" ही सूचना तशी सोपी होती. पण ती मान्य करायची म्हणजे तिच्या पोटातलं दुसरं वाक्यही मान्य करावं लागत होतं, "आजवर तुम्ही मारत होता."

*

शल्यचिकित्सकांची बाजूही नीट मांडायला हवी, नाहीतर मीही त्या सोप्या गोष्टीत अडकेन.

सेमेलवाइस गेला त्याच्या आदल्या दिवशी, १२ ऑगस्ट १८६५ला, ग्लासगोत जोसेफ लिस्टर यांनी अकरा वर्षांच्या एका पोराच्या पायावर उपचार केले. गाडीचं चाक जाऊन हाड मोडलं होतं आणि वर उघडी जखम होती. अशा जखमेत तेव्हा बहुतेकदा पाय कापत, नाहीतर रुग्ण जात असे. लिस्टर यांनी कार्बोलिक अ‍ॅसिडमध्ये भिजवलेली पट्टी बांधली. पोरगा पाय शाबूत घेऊन घरी गेला. लिस्टर यांनी पाश्चरचं काम वाचलं होतं. आंबणं आणि कुजणं सूक्ष्म जिवांमुळे होतं, तर जखमही त्यांच्यामुळेच कुजत असणार, असा त्यांचा तर्क. १८६७ साली त्यांनी आपले निष्कर्ष 'लॅन्सेट'मध्ये छापले.

तरी ही पद्धत सगळीकडे रुजायला दोन दशकं गेली. त्याला साधी, व्यवहारी कारणं होती. कार्बोलिकने हात भाजायचे, कातडी सोलून निघायची. ऑपरेशन चालू असताना लिस्टर त्याचा फवारा मारत, तो श्वासात जायचा. ते आपली पद्धत सतत बदलत, त्यामुळे नक्की काय पाळायचं हे लोकांना कळत नसे. जंतू डोळ्यांना दिसत नव्हते. दूषित हवेने रोग होतो हा जुना सिद्धांत काही खुळचट नव्हता, त्यापायीच शहरांत गटारं बांधली गेली होती. जखमेत घट्ट पू धरणं हे बरं होण्याचं लक्षण मानायचं, असं कित्येक पिढ्या शिकवलं गेलं होतं. रक्ताने कडक झालेला कोट हा अनुभवी सर्जनचा मान होता.

याउलट भूल किती लवकर पसरली बघा. १८४६च्या ऑक्टोबरमध्ये बॉस्टनला इथरचा जाहीर प्रयोग झाला आणि डिसेंबरात लंडनमध्ये इथर देऊन पाय कापला गेला. अमेरिकेतले सर्जन आणि लेखक अतुल गावंडे यांनी या दोन शोधांची तुलना केली आहे. (त्यांचे वडील आपल्या यवतमाळ जिल्ह्यातले.) भुलीचा फायदा टेबलावर लगेच दिसतो, आणि तो रुग्णाइतकाच सर्जनलाही होतो, कारण समोरचा माणूस किंचाळत नाही. जंतुनाशकाचा त्रास मात्र आज आणि सर्जनला. फायदा आठवड्याने आणि दुसऱ्याला.

हे मला पटतं. पण यात एक गोष्ट राहून जाते असं मला वाटतं. भूल स्वीकारताना कुठल्याही सर्जनला मागे वळून बघावं लागलं नाही. आधीचे रुग्ण किंचाळत होते, त्याला इलाज नव्हता, संपलं. जंतू स्वीकारताना मात्र मागच्या प्रत्येक रुग्णाकडे पुन्हा बघावं लागत होतं.

हे मला पुस्तकातून कळलं नाही. घरात कळलं.

*

आजी सुईण होती. आमगावच्या पुढे आमचं गाव आहे, तळ्याकाठी, चारी बाजूंनी धानाच्या बांध्या. गावातली आणि शेजारच्या दोन टोल्यांवरची बाळंतपणं तीच करायची. पैसे घेत नसे, पायलीभर तांदूळ आणि लुगडं मिळायचं. नाळ ती विळ्याने कापायची. गवत कापायचा, भाजी चिरायचा तोच विळा. वर चुलीतली राख लावायची. तिच्या सासूनेही असंच केलं होतं.

माझ्याआधी आईला एक मुलगा झाला होता. १९९४ साली, आजीच्या हातांनी. सातव्या-आठव्या दिवशी त्याने दूध ओढणं बंद केलं. जबडा मिटला, अंग धनुष्यासारखं ताठ झालं. गावात म्हणाले, सटवाईने नेलं. आज कुठलीही नर्सिंगची विद्यार्थिनी ऐकल्या ऐकल्या सांगेल की हा नवजात धनुर्वात. त्याचे जंतू मातीत आणि शेणात असतात, न उकळलेल्या विळ्यावरून नाळेत जातात. आईला गरोदरपणात धनुर्वाताचं इंजेक्शन मिळालं नव्हतं.

पुढच्या वर्षी सरकारी कार्यक्रमातून गावोगावच्या सुइणींचं प्रशिक्षण झालं. तेव्हा आमचा जिल्हा भंडाराच होता. गोंदिया वेगळा झाला तो १ मे १९९९ला. नर्सबाईंनी पाच बोटांवर पाच स्वच्छता शिकवल्या. हात स्वच्छ, जागा स्वच्छ, ब्लेड स्वच्छ, दोरा स्वच्छ, नाळ स्वच्छ, म्हणजे नाळेवर काही लावायचं नाही. प्रत्येकीला एक पाकीट दिलं. त्यात साबण, नवं ब्लेड, दोरा आणि प्लॅस्टिकचा कागद.

आजीने ते पाकीट घरी आणलं आणि पेटीत लुगड्यांच्या खाली ठेवून दिलं. दोन वर्षं ते तिथेच होतं. बाळंतपणं विळ्यानेच चालू राहिली.

आईने मला हे सांगितलं तेव्हा मी सहज विचारलं होतं, "का? आजीला कळलं नाही का?" आई भाजी निवडत होती. ती म्हणाली, "कळलं म्हणूनच तर."

आजी अडाणी म्हणून थांबली नव्हती. ब्लेड हातात घेतलं असतं तर विळ्याबद्दल विचार करावा लागला असता, आणि विळ्याबद्दल विचार केला असता तर त्या नातवाबद्दल. व्हिएन्नाचे प्राध्यापक आणि आमची आजी यांच्यात भाषा, पगार, कोट, पदवी, सगळ्याचं अंतर आहे. दोघांच्या पेटीत पाकीट मात्र एकच होतं.

१९९७च्या जुलैत, ऐन रोवणीत, आईला कळा सुरू झाल्या. रस्त्यावर गुडघाभर चिखल. आईने स्वतः उठून पेटी उघडली, लुगडी बाजूला केली, पाकीट काढलं आणि आजीच्या मांडीवर ठेवलं. म्हणाली, "या बारीला हे." एवढंच. आजीने तिच्याकडे बघितलं आणि चुलीवर पाणी ठेवायला उठली.

मी त्या ब्लेडने जन्मले.

*

धनुर्वाताची आणखी एक कहाणी मुंबईच्या इतिहासात आहे. दोष कोणाचा, या प्रश्नाच्या मागे लागलं की खऱ्या कारणाचं काय होतं, ते तिच्यात दिसतं.

१८९६च्या सप्टेंबरमध्ये मुंबईत मांडवी भागात डॉ. अकासिओ व्हिएगस यांनी प्लेग ओळखला. प्लेग हा शब्द उच्चारायलाही अधिकारी आधी कचरत होते. प्लेगचा जंतू दोन वर्षांपूर्वीच हाँगकाँगमध्ये सापडला होता, तरी नगरपालिकेने समुद्राच्या पाण्यात कार्बोलिक अ‍ॅसिड मिसळून गटारं धुवायला काढली. लिस्टरचं औषध, पण डोक्यात अजून दूषित हवाच. पॉल-लुई सिमाँ यांनी १८९८ साली उंदरावरच्या पिसवांकडे बोट दाखवलं, तेही प्लेग कमिशनने आधी उडवून लावलं.

याच साथीत वाल्डेमार हाफकिन मुंबईत आले. ओडेसाचे ज्यू, शिक्षणाने प्राणिशास्त्रज्ञ, डॉक्टर नव्हेतच. त्यांनी प्लेगची लस तयार केली आणि १० जानेवारी १८९७ला आधी स्वतःला टोचून घेतली. पुढे परळला त्यांची प्रयोगशाळा उभी राहिली आणि लाखो लोकांना लस मिळाली. मग १९०२च्या ऑक्टोबरमध्ये पंजाबातल्या मुल्कोवाल गावी एकाच बाटलीतून लस टोचलेली १९ माणसं धनुर्वाताने मेली.

चौकशी बसली. हाफकिन यांनी लस बनवण्याची पद्धत सुधारली होती, कार्बोलिक वगळून फक्त उष्णतेने निर्जंतुकीकरण करायला सुरुवात केली होती. चौकशीने बोट तिथेच ठेवलं: बाटली मुंबईतच दूषित झाली असणार. हाफकिन निलंबित झाले. पण मुल्कोवालमध्ये बाटली उघडताना चिमटा जमिनीवर पडला होता आणि तो नीट निर्जंतुक न करताच वापरला गेला होता. त्याच प्रयोगशाळेतल्या इतर बाटल्यांनी कोणाला काही झालं नव्हतं. हाफकिन दोषमुक्त व्हायला १९०७ साल उजाडलं, तेही रोनाल्ड रॉस यांच्यासारख्या शास्त्रज्ञांनी लंडनच्या 'टाइम्स'मध्ये जाहीर पत्र लिहिल्यावर. आज परळची ती संस्था हाफकिन यांच्याच नावाने चालते.

त्या चिमटा पडलेल्या माणसाचा मी पुष्कळ विचार केला. दोषी एकच ठरणार आणि त्याचं आयुष्य संपणार, असं वातावरण असताना "साहेब, चिमटा पडला होता" हे म्हणायची हिंमत कोणात असते? आणि ते कोणी म्हटलंच नाही तर पुढचा चिमटा कसा थांबणार?

*

आता माझ्या पेटीतलं पाकीट.

मी पुण्यातल्या एका कंपनीसाठी काम करते, बहुतेक वेळ गोंदियातून. पॅथॉलॉजी लॅबचे रिपोर्ट तयार झाले की रुग्णाला मेसेज पाठवणाऱ्या सिस्टिमवर मी काम करत होते. एका शुक्रवारी मी एक छोटा बदल टाकला. सोमवारी टीममधल्या टेस्टरने मला एक शीट पाठवली. ती माझ्याहून दोन वर्षांनी ज्युनिअर. शीटमध्ये एक्केचाळीस ओळी होत्या. हे मेसेज गेले नाहीत असं वाटतंय, तुझ्या बदलानंतरचे आहेत.

मी शीट उघडली नाही. उत्तर लिहिलं, "माझ्या मशीनवर चालतंय. तुझा डेटा चेक कर."

म्हणजे काय, तर "आजी, आम्ही डॉक्टर आहोत."

बुधवारी तिने पुन्हा विचारलं तेव्हा मी शीट उघडली. तारखांच्या हिशेबातली माझी एक ओळ चुकली होती. दुरुस्तीला दहा मिनिटं लागली. नंतर मीटिंग झाली. आमच्या क्षेत्रात तिला 'ब्लेमलेस पोस्टमॉर्टेम' म्हणतात: कोणावर ठपका ठेवायचा नाही, सिस्टिम कुठे चुकली ते शोधायचं. मीटिंग छान झाली. रिपोर्टमध्ये मी लिहिलं, "काही मेसेज उशिरा गेले." त्या एक्केचाळीस रिपोर्टमध्ये काय होतं, कोणाचा उशीर किती महाग पडला, हे मी विचारलं नाही. कोणीच विचारलं नाही. ठपका ठेवायचा नाही, या नियमाआड मला आरामात लपता आलं.

*

चूक दाखवताना माणसाला सांभाळून घ्यावं का? सेमेलवाइसबद्दल बोलताना लोक म्हणतात, त्याने शिव्या न देता गोड बोलून समजावलं असतं तर डॉक्टरांनी ऐकलं असतं. असेलही. पण गोड बोलण्यात जे दिवस जातात त्यांची किंमत कोण मोजतं? प्राध्यापकांच्या स्वाभिमानाला जपत असताना पहिल्या विभागात बाया मरतच होत्या. त्यांच्या बाजूने कोणीतरी ओरडायलाच हवं होतं. दुसरीकडे, ओरडण्याने पेटी घट्ट बंद होते हेही खरं. मुल्कोवालचा चिमटा हेच सांगतो.

मला दोन्ही पटतं, म्हणून मी एक रेघ आखून बघते. शीट येण्याआधीची चूक आणि शीट आल्यानंतरची चूक. विळ्यावर जंतू असतात हे आजीला १९९४ साली माहीत नव्हतं. त्या मृत्यूचं दुःख तिचं आहे, गुन्हा नाही. मिखाएलिस यांना कोणीतरी एवढं वेळेवर सांगायला हवं होतं. पण शीट हातात आल्यावर ती न उघडणं ही वेगळी गोष्ट आहे. ती उघडायला हुशारी लागत नाही, प्रयोगशाळा लागत नाही. तिथून पुढचा प्रत्येक दिवस आपल्या नावावर जमा होतो. अज्ञानाला माफी असू शकते. न बघण्याला आधी हिशेब द्यावा लागतो.

आणि सांभाळून घेणं म्हणजे काय, हे मला आईच्या वाक्यातून कळतं. "तुमची काही चूक नव्हती," असं ती खोटं बोलली नाही. "तुम्ही माझं पोर मारलं," असंही म्हणाली नाही. फक्त ब्लेड हातात दिलं. पण ज्या बाईचं पोर गेलं तिनेच ही वाट काढून द्यावी, यात अन्याय आहे, आणि तो मी विसरू इच्छित नाही. हे काम व्यवस्थेचं होतं.

व्यवस्थेला ते जमतं, याचा दाखला आमच्या शेजारच्याच जिल्ह्यात आहे. गडचिरोलीत डॉ. अभय आणि डॉ. राणी बंग यांनी लिहिता-वाचता न येणाऱ्या सुइणींनाही मण्यांच्या साध्या साधनावर बाळाचे श्वास मोजून न्यूमोनिया ओळखायला शिकवलं. पुढे ३९ गावांत स्थानिक बायांना घरोघरी नवजात बाळांची काळजी घ्यायला तयार केलं, जंतुसंसर्ग झाल्यास इंजेक्शन द्यायलाही. अशा आजारी बाळांतली आधी शंभरात सोळा-सतरा दगावत. या बायांनी उपचार सुरू केल्यावर तीनहून कमी. हे १९९९ साली 'लॅन्सेट'मध्ये आलं. विरोध इथेही झाला, आणि तो तज्ज्ञांकडून: खेड्यातल्या बाईच्या हाती सुई कशी द्यायची? व्हिएन्नात डॉक्टरांना स्वतःच्या हातांबद्दल शंका घेता येत नव्हती, इथे त्यांना दुसऱ्यांच्या हातांवर विश्वास ठेवता येत नव्हता. आशाताईंनी घरी जाऊन नवजात बाळांची काळजी घेण्याचा कार्यक्रम देशभर सुरू व्हायला २०११ साल उजाडलं. २०१५ साली भारतातून माता आणि नवजात बालकांच्या धनुर्वाताचं निर्मूलन झाल्याचं जाहीर झालं. लस, हॉस्पिटलातली बाळंतपणं आणि पेटीतून बाहेर निघालेली असंख्य पाकिटं, या सगळ्यांचं ते श्रेय.

वहिनीचं बाळ चौदा दिवसांचं झालं तेव्हा आशाताई घरी आल्या. वजनकाटा खाली ठेवला आणि बाळाला हात लावायच्या आधी विचारलं, "साबण कुठं आहे?" आजी इतकी खूश झाली की तिने त्यांना दोनदा चहा पाजला.

त्या संध्याकाळी ओसरीवर मी तिला विचारायचं धाडस केलं. ती दोन वर्षं, पाकीट पेटीत होतं तेव्हाची. मला वाटलं ती चिडेल, किंवा आठवत नाही म्हणेल. तिने लगेच सांगितलं. तिच्याकडे आकडा तयार होता.

"चौदा बाळंतपनं केलो रे बाई. चौदाही लेकरं जगले."

"मग बरंच झालं की," मी म्हटलं.

तिने मान हलवली. "ते माह्या हातानं नाही जगले. आपल्या नशिबानं जगले. मले मालूम होतं ना तवा."

तत्त्वज्ञानात याला नैतिक नशीब म्हणतात. एकच कृती, कुणाच्या नशिबी त्यातून मृत्यू येतो, कुणाच्या नाही. मग दोष सारखाच मानायचा का? १९७६ साली बर्नार्ड विल्यम्स आणि थॉमस नेगेल यांनी त्यावर निबंध लिहिले आणि वाद अजून मिटलेला नाही. आजीने तो स्वतःपुरता मिटवला आहे. तीस वर्षं ती त्या चौदा लेकरांना मोजत आली आहे, आणि म्हणून आता दिसेल त्याला हात धुतले का विचारते. डॉक्टरांनाही.

रात्री मी लॅपटॉप उघडला आणि त्या टेस्टरला मेसेज केला, "ती एक्केचाळीस ओळींची शीट अजून आहे का तुझ्याकडे?"

दहा मिनिटांत आली. या वेळी मी पहिल्या ओळीपासून वाचायला सुरुवात केली.